कार्यवृत्त

साडेदहाची बैठक म्हणजे साडेअकरा.
तरी गंगवालहून सव्वाआठची बस पकडून मी दहालाच हजर,
देपालपूर नगर परिषदेच्या सभागृहात.
वॉर्ड पंधरा, खुर्च्या पंधरा,
आणि मागे भिंतीलगत प्लास्टिकच्या आणखी आठ,
कारण आठ पार्षद बायका आहेत
आणि त्यांना नवरे आहेत.
नवऱ्यांची नावं रजिस्टरात नसतात.
चहा मात्र तेवीस सांगायचा.

विषय एक : मागील कार्यवृत्ताची पुष्टी.
पुष्टी होते. वाचलेलं कुणीच नसतं.
बावीस वर्षं मीच लिहिते आहे, हिंदीत,
‘सर्वानुमति से’ हे तर आता हात आपोआप लिहितो.
समासात पेन्सिलीने लिहिते ते मराठीत,
आमच्या रामबागेतल्या मराठीत,
जिला पुण्याच्या मावश्या हसायच्या :
काय करून राहिलीस गं?
लिहून राहिले, मावशी.

विषय दोन : स्वर्गरथाचे टायर.
तीन दरपत्रकं आली, तिन्ही एकाच हस्ताक्षरात.
समासात : अक्षर सुरेख.

विषय तीन : मोकाट सांड.
तो वॉर्ड सहाचा की सातचा, यावर पाऊण तास.
सहाचे म्हणाले, आमच्याकडे फक्त झोपतो.
सातचे म्हणाले, आमच्याकडे फक्त खातो.
समासात : सुखी आहे.

विषय चार : पेयजल.
वॉर्ड अकरा, श्रीमती सोरमबाई.
दर वेळी त्या मागे वळून पाहतात,
मागून रामरतनजी म्हणतात, ‘व्यवस्था संतोषजनक है’,
आणि मी लिहिते, श्रीमती सोरमबाई ने बताया कि.

त्या दिवशी रामरतनजी बडनगरला गेलेले,
बहिणीकडे मामेरं घेऊन.
सोरमबाईंनी सवयीने मागे पाहिलं.
खुर्चीवर तेविसावा कप
साय धरून बसला होता.

त्या कपाकडे त्या जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या.
मग पदर सारखा करून उठल्या
आणि माळवीत विचारलं :
व्हॉलची चावी रात्री कुणाकडे असते?

इंजिनियरने लाइनमनकडे पाहिलं,
लाइनमनने अध्यक्षांकडे,
अध्यक्षांनी मोबाइलकडे.

आमच्या गल्लीत पाणी रात्री दोनला येतं, त्या म्हणाल्या.
दोनला मी उठते. हे नाही उठत.
सकाळी हंडे भरलेले दिसतात,
म्हणून यांना वाटतं, पाणी येतं.

कुणीतरी हसलं. मग हसणं थांबवलं.
मागच्या रांगेत सात नवरे
एकदम चहा फुंकू लागले,
थंड झालेला.

‘मॅडम, लिख लीजिए, चर्चा हुई,’ अध्यक्ष म्हणाले.
मी मान हलवली.
आणि लिहिला तो अख्खा प्रश्न,
चावीसकट, रात्रीसकट,
शेवटी प्रश्नचिन्ह काढलं.
बस यायला वेळ होता, म्हणून जुनी रजिस्टरं चाळली.
पूर्णविराम, पूर्णविराम, शिक्के, सह्या,
एके ठिकाणी चहाचा डाग.
प्रश्नचिन्ह सापडलं नाही.
हे माझ्याच अक्षरातलं सगळं,
दोष तरी कुणाला द्यायचा.

पुढच्या महिन्यात, साडेअकरा.
विषय एक : मागील कार्यवृत्ताची पुष्टी.
नेहमीप्रमाणे कुणी वाचलं नव्हतं.
पंधरा हात वर झाले
आणि व्हॉलची चावी रात्री कुणाकडे असते?
हा प्रश्न सर्वानुमते मंजूर झाला.

रामरतनजी आले होते,
नवा साफा बांधून. घसा साफ केला त्यांनी.
सोरमबाईंनी मागे पाहिलं नाही,
माझ्याकडे पाहिलं, आणि एक बोट दाखवून
ते मध्यावर मोडलं.

मला कळायला थोडा वेळ लागला.
समासात : पाणी, आता दीडला.